तुमचा प्रोजेक्ट असा शेअर करा की वाचणाऱ्याला तो स्वतः करता आला पाहिजे

ओला कचरा जागेवरच जिरवणारी पेटी असो, हवेतली धूळ मोजणारा सेन्सर असो, नीट न दिसणाऱ्यांना बसचा नंबर वाचून दाखवणारं ॲप असो किंवा शेजारपाजारच्यांनी मिळून चालवलेलं वस्तू दुरुस्तीचं केंद्र असो, असलं काहीतरी मनापासून करणारी माणसं खूप आहेत. पण शेअर करायची वेळ आली की बहुतेक जण चार फोटो, दोन ओळी आणि "कसं वाटलं सांगा" एवढं टाकून मोकळे होतात. फोटो छान असतात, लाइक पण भरपूर येतात, पण ते बघून कुणी करायला घ्यायचं म्हटलं तर हातात काहीच लागत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की तुम्हाला एकदाही फोन न करता एखाद्या अनोळखी माणसाला तो प्रोजेक्ट उभा करता आला आणि तो खरंच चालतोय का हे त्याचं त्याला तपासता आलं, तरच तो शेअर झाला असं म्हणायचं.

आणि हे होऊ शकतं. अमेरिकेतला इव्हान ओवेन आणि दक्षिण आफ्रिकेतला सुतार रिचर्ड व्हॅन ॲस यांनी मिळून थ्रीडी प्रिंटरवर कृत्रिम हात तयार केला, पेटंट न घेता डिझाइन सगळ्यांसाठी मोकळं सोडलं, आणि २०१३ पासून 'ई-नेबल' नावाखाली देशोदेशीचे स्वयंसेवक तसे हात छापून मुलांना द्यायला लागले. २०२० मध्ये रिचर्ड कॉर्सी आणि जिम रोझेंथल यांच्या नावाने ओळखला जाणारा हवा गाळायचा खोका असाच पसरला, त्यात एक चौकोनी पंखा, चार-पाच फिल्टर, पुठ्ठा आणि चिकटपट्टी, बस. तो पसरला कारण सामान साधं होतं, कृती स्पष्ट होती, आणि लोकांनी त्याची हवा स्वतः मोजून आकडे समोर ठेवले. या तीन गोष्टी तुमच्या प्रोजेक्टमध्ये कशा आणायच्या ते आता पायरी पायरीने बघू.

पायरी १: प्रश्न एका वाक्यात लिहा

"पर्यावरण वाचवण्यासाठी छोटासा प्रयत्न" यातून वाचणाऱ्याला काही कळत नाही. कुणाचा प्रश्न, नेमका कोणता, आणि किती बदल झाला तर तुम्ही त्याला यश म्हणाल, हे तिन्ही एका वाक्यात यायला हवं. उदाहरणार्थ, "वीस घरांचा ओला कचरा रोज गाडीत जातो, त्यातला निम्मा तरी आवारातच जिरवायचा, वास आणि माशा न होता." हे वाचल्या वाचल्या समोरच्याला कळतं की हे आपल्या कामाचं आहे की नाही, आणि 'वास आणि माशा न होता' ही अट तर फार मोलाची आहे कारण असले प्रयोग बंद पडतात ते तिथेच.

संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांचे रंगीत लोगो लावायची पद्धत आहे. लावा, हरकत नाही, पण सतरापैकी नऊ लोगो एकाच प्रोजेक्टला लावले की काहीच सांगितल्यासारखं होत नाही. २०१५ मध्ये ठरलेल्या त्या १७ उद्दिष्टांच्या खाली १६९ लक्ष्यं आहेत, त्यातलं तुमच्या कामाशी थेट जुळणारं एखादंच निवडा. कचऱ्याचं काम असेल तर १२.५ म्हणजे कचरा मुळात कमी करणं आणि पुन्हा वापरणं, किंवा ११.६ म्हणजे शहरातली हवा आणि कचऱ्याचं व्यवस्थापन.

पायरी २: आधीची परिस्थिती मोजून ठेवा

ही पायरी सगळ्यात जास्त वेळा सुटते आणि नंतर कितीही धडपड केली तरी भरून काढता येत नाही, कारण गेलेला महिना परत मोजता येत नाही. पेटी बसवायच्या आधी किमान दोन आठवडे रोजचा ओला कचरा वजनकाट्यावर मोजा, किती घरांचा होता ते लिहा, कुठला सण किंवा सुट्टी मध्ये आली का ते लिहा, आणि तो आधी कुठे जात होता हेही लिहा. प्रोजेक्ट आधीच सुरू झाला असेल तर न केलेल्या शेजारच्या इमारतीचं वजन घ्या, तुलनेला काहीतरी तर मिळेल, फक्त ते तसं केलंय हे स्पष्ट सांगा.

मोजताना एक फरक डोक्यात पक्का ठेवा. "पन्नास पेट्या वाटल्या" हे तुम्ही काय केलं ते झालं, "सहा महिन्यांनी त्यातल्या किती चालू आहेत आणि त्यात रोज किती कचरा जातोय" हे त्यातून काय झालं ते. लोकांना दुसरं हवं असतं आणि आपण पहिलं सांगत बसतो. याचं मोठं उदाहरण म्हणजे आफ्रिकेतले प्लेपंप. मुलं चक्रावर खेळतील आणि त्या फिरण्यातून जमिनीतलं पाणी वर टाकीत चढेल, अशी कल्पना, ऐकायला इतकी गोड की २००६ मध्ये त्यासाठी कोट्यवधी डॉलरचा निधी जाहीर झाला. प्रत्यक्षात मुलं सारखी खेळत नव्हती, बायकांना ते जड चक्र हाताने ढकलावं लागत होतं, बिघडलं की दुरुस्तीला कुणी नव्हतं, आणि काही वर्षांत तो सगळा कार्यक्रम गुंडाळावा लागला. किती पंप बसवले हा आकडा शेवटपर्यंत चांगलाच दिसत होता, पण एका बाईला एक हंडा भरायला किती वेळ लागतो हे विचारलं असतं तर लवकर कळलं असतं.

कार्बन वाचवल्याचे आकडे टाकायचे असतील तर जरा जपून. ओला कचरा डंपिंग ग्राउंडवर हवेशिवाय कुजला की मिथेन होतो, आणि मिथेन १०० वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २७ ते ३० पट तापवतो, पण २० वर्षांचा हिशोब धरला तर तोच आकडा ८० च्या आसपास जातो. म्हणजे कुठला हिशोब धरला हे न सांगता आकडा टाकला तर त्याला काही अर्थच राहत नाही. किलोमधलं मोजलेलं वजन आधी द्या, त्याचा कार्बन कसा काढला तो पूर्ण हिशोब खाली द्या, आणि हिशोब जमत नसेल तर नुसतं वजन द्या, तेही पुष्कळ आहे. "एवढी झाडं लावल्यासारखं" वगैरे तर अजिबात लिहू नका.

पायरी ३: कृती अशी लिहा की हात चालतील

इथे सगळ्यात जास्त वेळ घाला, कारण खरी मेहनत इथेच आहे. करणाऱ्याला सवयीने जे कळतं ते वाचणाऱ्याला माहीत नसतं आणि आपल्याला ते लिहायचं सुचतही नाही. "मिश्रणात पुरेसं पाणी असू द्या" हे कचऱ्याच्या पेटीच्या कृतीतलं वाक्य बघा. पुरेसं म्हणजे किती? त्याऐवजी असं लिहा: "मूठभर मिश्रण घ्या आणि जोरात दाबा. बोटांमधून एक-दोन थेंब आले की बरोबर. धार लागली तर जास्त ओलं आहे, कोरडा पाला घाला. मूठ उघडल्यावर गोळा लगेच विस्कटला तर कोरडं आहे, पाणी शिंपडा." आता हे कुणालाही जमेल, कुठलंही यंत्र नको. शास्त्राच्या भाषेत ओलावा ५० ते ६० टक्के हवा, तोही आकडा द्या, पण मुठीची परीक्षा आधी.

असंच प्रमाणाचं. कार्बन आणि नायट्रोजनचं प्रमाण २५-३० ला १ असावं हे बरोबर आहे पण घरी कुणी ते मोजणार नाहीये, म्हणून "एक बादली ओला कचरा तर दोन ते तीन बादल्या कोरडा पाला" असं बादलीत सांगा. आणि धोका असेल तर तो त्या पायरीतच सांगा, शेवटी वेगळ्या कोपऱ्यात नको. बंद पेटीत रोगजंतू मरायला ५५ अंशाच्या वर तापमान सलग तीन दिवस राहावं लागतं आणि घरगुती छोट्या पेटीत तेवढी ऊब बऱ्याचदा धरतच नाही, म्हणून कुत्र्या-मांजराची विष्ठा त्यात टाकू नका, हे कचरा टाकायच्या पायरीतच हवं.

सामानाची यादी करताना प्रत्येक वस्तूपुढे तीन गोष्टी लिहा, नेमकं माप, ती कशासाठी आहे, आणि नाही मिळाली तर दुसरं काय चालेल. "कशासाठी आहे" हे लिहिलं की बाकीचं वाचणारा स्वतःच निभावतो, तुमच्याकडे मिळणारा ड्रम त्याच्याकडे मिळणार नाही पण ड्रमचं काम काय होतं हे कळलं की तो दुसरं काहीतरी शोधेल. त्यासोबत कुठल्या गोष्टी बदलल्या तरी चालतील आणि कुठल्या अजिबात बदलायच्या नाहीत हेही ठळक लिहा. ड्रमचा रंग, पायांची उंची, झाकणाचा आकार बदला हवं तर, पण खालची हवेची भोकं आणि पाणी निघायची वाट बुजवली तर आतला माल सडणार. आपल्या हातून कशाने बिघडतं हे आपल्यालाच नीट माहीत असतं, ते कागदावर आलं पाहिजे.

फोटो सुंदर नकोत, उपयोगी हवेत. शेजारी पट्टी किंवा हात ठेवा म्हणजे माप कळतं, जोडताना जो कोपरा दिसत नाही त्याचाच फोटो घ्या, आणि बिघडलेलं कसं दिसतं त्याचाही फोटो टाका. चांगलं खत तर सगळेच दाखवतात, चिकट काळा वास मारणारा लगदा कुणी दाखवत नाही आणि वाचणारा नेमका तोच समोर घेऊन बसलेला असतो.

लिहून झालं की ते अशा एकाला द्या ज्याने हा प्रोजेक्ट कधी बघितलेला नाही, आणि तो करताना शेजारी गप्प बसा. खरंच गप्प, तोंडातून शब्द काढायचा नाही. तो जिथे थांबेल, मागचं पान उलटेल किंवा तुमच्या तोंडाकडे बघेल तिथे खूण करा, तिथली वाक्यं बदलायची आहेत. मला विचाराल तर अख्ख्या लेखातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा.

पायरी ४: फाइल्स आणि डेटा

थ्रीडी डिझाइन असेल तर नुसती एसटीएल फाइल (थ्रीडी प्रिंटरला देतात ती) देऊ नका, ती छापता येते पण तिच्यात बदल करणं फार अवघड असतं. मूळ फाइल किंवा बदल करता येणारा स्टेप फॉरमॅट सोबत द्या. आकडे स्क्रीनशॉटमध्ये नकोत, सीएसव्ही (कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये उघडणारी साधी तक्त्याची फाइल) द्या, प्रत्येक रकान्याचं एकक लिहा, आणि तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने ठेवा म्हणजे ०३-०४ म्हणजे मार्च की एप्रिल हा घोळ होत नाही. सोबत एक रीडमी फाइल, हे काय आहे, कुठून सुरुवात करायची, कुठली आवृत्ती आहे. डिझाइन बदललं की आवृत्तीचा नंबर बदला आणि काय बदललं ते एका ओळीत लिहा.

कोड आणि डिझाइन ठेवायला गिटहब किंवा गिटलॅब या साइट ठीक आहेत. डेटा आणि अहवाल वर्षानुवर्षं टिकायला हवेत असं वाटत असेल तर झेनोडोवर टाका, ते सर्न या संशोधन संस्थेकडून चालतं, फुकट आहे आणि प्रत्येक अपलोडला डीओआय म्हणजे न बदलणारा कायमचा ओळख क्रमांक मिळतो. पर्यावरणाच्या आणि गरिबीशी संबंधित कामांसाठी ॲप्रोपीडिया नावाचा विकी २००६ पासून चालू आहे, तिथे दुसऱ्यांनी तेच करून बघितलेलं पण सापडतं.

पायरी ५: लायसन्स लिहा, एक ओळ पुरते

बऱ्याच जणांना वाटतं की इंटरनेटवर टाकलं म्हणजे कुणीही वापरा असं झालंच. नाही होत. बहुतेक देशांत काहीच लिहिलं नाही तर सगळे हक्क तुमच्याकडेच राहतात, आणि जो प्रामाणिक माणूस आहे तोच हात लावायला कचरतो.

लेख, फोटो, आकृत्या यासाठी क्रिएटिव्ह कॉमन्स (सीसी) या संस्थेची तयार लायसन्स. सीसी बाय म्हणजे नाव द्या आणि काहीही करा, सीसी बाय-एसए म्हणजे नाव द्या आणि बदल केलेलंही याच अटींवर सोडा. 'नॉन-कमर्शियल' अट लावायचा मोह होतो पण दोनदा विचार करा, कारण तुमची पेटी करून विकणारा गावातला सुतार त्यात अडकतो आणि विकिपीडियाचे फोटो-फाइल जिथे साठवतात ते विकिमीडिया कॉमन्स तर असल्या फाइल घेतच नाही. कोडसाठी सीसी वापरू नका, खुद्द क्रिएटिव्ह कॉमन्सच तसं सांगतं, तिथे एमआयटी, अपाची किंवा जीपीएल ही कोडसाठीची लायसन्स. यंत्र-उपकरणाच्या डिझाइनसाठी सर्नचं ओपन हार्डवेअर लायसन्स आहे, २०२० च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याचे सैल, मध्यम आणि कडक असे तीन प्रकार आहेत. नुसत्या डेटासाठी सीसी झिरो, म्हणजे कुठलीच अट नाही, उत्तम. जपानमधल्या फुकुशिमा अणुऊर्जा केंद्राच्या २०११ च्या अपघातानंतर लोकांनीच किरणोत्सर्ग मोजायला सुरू केलेल्या सेफकास्टने आपला सगळा डेटा असाच मोकळा ठेवलाय.

पेटंट घ्यायचा विचार थोडासा जरी मनात असेल तर काहीही जाहीर करायच्या आधी सल्ला घ्या. अमेरिकेत जाहीर केल्यावर एक वर्षाची सवलत मिळते, युरोपात ती जवळपास नाहीच. पेटंट नको असेल तर उलट फायदा आहे, तारखेसकट जाहीर केलेलं डिझाइन नंतर दुसऱ्याला आपलं नवीन म्हणून दाखवता येत नाही.

पायरी ६: माणसं आधी

सामाजिक कामात हे सगळ्यात नाजूक आणि यावर मी अजिबात तडजोड करणार नाही. ज्यांच्यासोबत काम केलं त्यांचे फोटो, गोष्टी, आजार, उत्पन्न हे त्यांचं आहे, आपलं नाही. कॅमेऱ्यासमोर मान हलवली म्हणजे संमती झाली असं समजू नका. नेमका कुठला फोटो, कुठे टाकणार, कोण बघू शकेल, हे स्क्रीनवर दाखवून विचारा, आणि "नंतर नको वाटलं तर या नंबरवर सांगा, काढून टाकू" हे सांगून तसं खरंच करा. मुलांच्या बाबतीत पालकांची परवानगी तर हवीच पण मुलालाही विचारा, आणि चेहरा न दाखवता काम भागत असेल तर भागवा. मदत घेणाऱ्याचा केविलवाणा फोटो आणि मदत करणाऱ्याचा हसरा फोटो शेजारी-शेजारी लावायची पद्धत तर बंदच व्हायला हवी.

नाव काढलं म्हणजे ओळख पुसली असं नसतं. एखाद्या गल्लीत व्हीलचेअर वापरणारी एकच व्यक्ती असेल तर वय आणि गल्ली लिहिली की ती सगळ्यांना कळली. अशा वेळी छोटे गट एकत्र करून आकडे द्या. फोनवर काढलेल्या फोटोत बऱ्याचदा लपलेलं लोकेशन असतं, अपलोड करण्याआधी ते काढून टाका. प्राणी-पक्ष्यांचं काम करणाऱ्यांनी पण हे बघा, लोक प्राणी-वनस्पतींच्या नोंदी टाकतात त्या आयनॅचरलिस्ट साइटवर धोक्यात असलेल्या प्रजातींची नेमकी जागा आपोआप धूसर केली जाते, कारण तो नकाशा शिकारी पण बघतात.

श्रेय देताना ज्या बाईने रोज पेटी ढवळली तिचं नाव, तिला चालत असेल तर, डिझाइन करणाऱ्याच्या शेजारी आलं पाहिजे, खाली 'विशेष आभार' मध्ये नाही.

पायरी ७: कुठे चालत नाही ते लिहा

यश वाचून लोक खूश होतात पण मर्यादा वाचून लोक वाचतात, अक्षरशः. प्लास्टिकच्या बाटलीत पाणी भरून उन्हात ठेवलं की जंतू मरतात, ही सोडिस पद्धत जगभर वापरली जाते. पण बाटली पारदर्शक पीईटी या प्लास्टिकची आणि दोन लिटरपर्यंतचीच हवी, पाणी गढूळ नको, स्वच्छ ऊन असेल तर सहा तास आणि ढगाळ असेल तर दोन दिवस, आणि पाण्यात रसायन मिसळलं असेल तर त्यावर याचा काहीही उपयोग नाही. यातली एक अट जरी फॉरवर्ड होता होता गळून पडली तरी कुणीतरी आजारी पडेल. म्हणून अटी वेगळ्या परिच्छेदात नको, मुख्य वाक्यातच बांधून टाका, चित्रावर लिहा, म्हणजे चित्र एकटं फिरलं तरी अट सोबत जाईल.

धुळीच्या सेन्सरचंही तसंच. २०१५ मध्ये जर्मनीतल्या श्टुटगार्टमधून लोकांनीच सुरू केलेलं सेन्सर कम्युनिटी नावाचं मोठं जाळं आहे, त्यात एसडीएस०११ हा स्वस्त सेन्सर खूप वापरला गेला. असे सेन्सर दमट हवेत धूळ असते त्यापेक्षा जास्त दाखवतात कारण कणांवर पाणी चढून ते फुगतात. हे माहीत नसेल तर पहाटेच्या धुक्याला प्रदूषण समजून माणूस तक्रार करत सुटेल. म्हणून आर्द्रता सोबत मोजा, डेटात तिचा रकाना ठेवा, आणि एखाद्या सरकारी मोजणी केंद्राशेजारी काही दिवस सेन्सर ठेवून किती फरक येतो ते जाहीर करा.

"काय करून बघितलं आणि जमलं नाही" याची छोटी यादी तर नक्की द्या, कारणासकट. पुढच्या माणसाचे कित्येक महिने त्या चार ओळींनी वाचतात.

पायरी ८: टाकायचं कुठे

पूर्ण माहितीचं घर एकच ठेवा, बाकी सगळीकडे त्याची लिंक. व्हिडिओ, छोटी पोस्ट, चित्र हे सगळं दारं आहेत, आत यायला. चार ठिकाणी चार वेगळ्या आवृत्त्या पडल्या की जुनी चुकीची आवृत्तीच सगळ्यात जास्त फिरते.

ज्यांचा प्रश्न आहे त्यांच्या भाषेत एक पानाची आवृत्ती करा, कृष्णधवल छापली तरी कळेल अशी, कारण ज्यांना खरी गरज असते त्यातल्या बऱ्याच जणांकडे धड इंटरनेट नसतं. फोटोला वर्णन लिहा म्हणजे स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांना कळेल, व्हिडिओला सबटायटल द्या.

कुणी खाजगी मेसेजमध्ये प्रश्न विचारला तर उत्तर द्याच, पण तेच उत्तर मूळ लेखात पण घाला. तोच प्रश्न तिसऱ्यांदा आला तर लेखातली ती जागा नीट लिहिलेली नाहीये असं समजा.

पायरी ९: नंतरचं

वर ठळक एक ओळ ठेवा: चालू आहे, थांबलाय, की नवीन माणूस हवाय, आणि शेवटचं कधी तपासलं. थांबलेला प्रोजेक्ट थांबलाय म्हणून सांगणं यात काही कमीपणा नाही, लोकांचा वेळ वाचतो. अकाउंट आणि फाइल्सची परवानगी आणखी किमान एका माणसाकडे असू द्या, तुम्ही आजारी पडलात किंवा शहर बदललं तरी काम अडायला नको.

आणि ज्यांनी करून बघितलं त्यांना चारच प्रश्न विचारा, दोन मिनिटांत भरता येतील असे: कुठल्या हवामानात केलं, काय बदललं, कुठे अडलं, आणि तीन महिन्यांनी अजून चालू आहे का. ज्यांचं बंद पडलं असेल त्यांनी तर जरूर लिहावं असं त्या फॉर्मवरच स्पष्ट सांगा, नाहीतर फक्त जमलेल्यांचीच उत्तरं येतात. आलेली उत्तरं नावं न देता मूळ लेखाखालीच लावत जा, म्हणजे दमट हवेत करणाऱ्याला दमट हवेतल्याच माणसाचा अनुभव वाचायला मिळेल, तुमचा नाही.